काम बदलायचं तर पिलबागेसारखं

गटाच्या बैठकीतून, शेतावरून, घरातून, जिथून ऐकत असाल तिथून ऐका. आजचा विषय तुमच्याच बोलण्यातून निघाला आहे. कापूस वेचायला गेलेली बाई संध्याकाळी कंबर धरून बसते आणि म्हणते, "आता हे काम होत नाही, दुसरं काहीतरी बघायला पाहिजे." केळीच्या बागेत घड वाहणारी म्हणते, शिवणकाम शिकून घ्यावं. कोणाला शेळ्या पाळायच्या आहेत, कोणाला पापड करायचे आहेत, कोणाला पिठाची गिरणी टाकायची आहे. कोणी दहावी झालेली आहे, तिला बँक सखी व्हायचं आहे.

विचार चांगलाच आहे. पण काम बदलताना दोन तऱ्हेनं नुकसान होतं, हे आपण आपल्याच गावात पाहतो. काही जणी दहा वर्षं नुसतं "बघायला पाहिजे" म्हणत राहतात. तेवढ्यात गुडघे जातात आणि निवड आपल्या हातात राहत नाही. काही जणी एका शिबिरातून उठतात, कर्ज काढतात, मजुरी सोडतात आणि चार महिन्यांत दर आठवड्याच्या हप्त्यासाठी पुन्हा त्याच शेतात जातात. म्हणून काम बदलावं का, कधी बदलावं आणि बदलताना घर कसं सांभाळावं, हे आज आपण पायरीपायरीनं बघू.

बाग आपल्याला काय शिकवते

रावेर, यावल, चोपडा भागातल्या बहिणींना पिलबाग सांगायला नको. धुळ्याकडच्या ज्या बहिणींनी केळी केलेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. केळीच्या एका झाडाला एकच घड येतो. घड उतरला की त्या झाडाचं काम संपलं. पण बुंध्याशी पिलं फुटत असतात. शेतकरी काय करतो? बाग निसवेपर्यंत तो ही पिलं कापत राहतो, नाहीतर ती आईचं खत-पाणी खातात. बाग निसवली की एक जोमदार तलवारी पील ठेवतो, बाकीची काढतो. आईचा घड पोसत असतो, तेव्हा हे पील शेजारी वाढत असतं. घड उतरल्यावरही आईचं खोड एकदम जमिनीलगत तोडत नाहीत, टप्प्याटप्प्यानं कापतात, म्हणजे त्यातला रस पिलाला मिळतो.

काम बदलायची रीत हीच आहे. जुन्या कामाच्या आधारानं नवं काम वाढवायचं. पाच पिलं ठेवायची नाहीत, एकच ठेवायचं. आणि आईचा घड उतरायच्या आत तिच्यावर कोयता चालवायचा नाही. पुढचं सगळं बोलणं या तीन गोष्टींभोवतीच आहे.

ही नुसती उपमा नाही. आपल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली. तिचं नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. मालक मोहम्मद हाशम प्रेमजी १९६६ साली वारले, तेव्हा त्यांचा मुलगा अझीम २१ वर्षांचा होता आणि अमेरिकेत शिकत होता. तो परत आला आणि कारभार हाती घेतला. पुढे १९८०च्या सुमारास याच कंपनीनं संगणकाचं काम सुरू केलं. तीच आजची विप्रो. आपण लक्षात ठेवायचं ते एवढंच, की संगणकाचं काम सुरू करायचं म्हणून त्यांनी तेल-साबण बंद केलं नाही. तेला-साबणानं घर चालवलं आणि नवं काम त्या आधारावर उभं राहिलं. अमळनेरचा कारखाना अजून चालू आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला जुना आधार लागला, तर आपल्यालाही लागणारच. त्यात कमीपणा नाही.

आधी विचारा : कशासाठी बदलायचं?

नवं काम कुठलं, हे ठरवण्याआधी जुनं का सोडायचं हे नीट बोला. कारण वेगळं असेल तर उपायही वेगळा असतो.

अंगाला झेपत नाही म्हणून सोडायचं असेल, तर नव्या कामात अंगाची बचत झाली पाहिजे. कापूस वेचून कंबर गेली आणि पापड लाटायला दिवसभर मांडी घालून बसलो, तर कंबरेचा प्रश्न तिथेच राहिला. मग ओट्यावर उभ्यानं लाटायची सोय किंवा पापडाचं यंत्र, याचा हिशेब पहिल्यापासून धरावा लागेल.

पैसा पुरत नाही म्हणून सोडायचं असेल, तर आधी बघा की दिवसाचा दर कमी आहे, की कामाचे दिवस कमी आहेत. पुष्कळ वेळा दर बरा असतो, पण वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस हाताला कामच नसतं. तसं असेल तर मजुरी सोडायची गरज नाही, रिकामे दिवस भरायची गरज आहे.

मान मिळत नाही, मुकादमाचं बोलणं सहन होत नाही, हेही खरं कारण आहे. त्याला कोणी हलकं समजू नये. पण त्यासाठी घाईनं कर्ज काढू नये. दुसऱ्या शेतावर, दुसऱ्या टोळीत जाऊन तो प्रश्न सुटतो का, ते आधी पाहावं.

आणि शेजारणीचं बघून बदलायचं असेल, तर थांबा. शेजारणीकडे दुचाकी चालवणारा मुलगा असेल, रस्त्यावरचं घर असेल, माहेरचा आधार असेल. तिचं काम दिसतं, तिची सोय दिसत नाही.

कुठलं पील ठेवायचं?

नवं काम निवडताना आपल्याजवळ आधीच काय आहे, ते मोजा. हातातली कला, घरातली जागा, दारातलं पीक, ओळखीची माणसं. जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली रॉकेल विकण्यापासून धंद्याला सुरुवात केली. १९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करणारा आजारी कारखाना घेतला आणि त्यात बदल करून पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. जे हाताशी आहे त्यातून दुसरं काय होऊ शकतं, हा प्रश्न त्यांनी विचारला. आपणही तोच विचारायचा.

आपल्या हाताशी काय कमी आहे? उडदाचे पापड, बिबड्या, कुरडया, शेवया आपल्या घरोघरी होतात. कळण्याचं पीठ, दोंडाईचा बाजूची मिरची, सातपुड्यापासून साक्रीपर्यंतच्या रानभाज्या आहेत. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खापरावरचे मांडे शहरातल्या माणसाला पैसे देऊनही सहज मिळत नाहीत.

पण कला असणं वेगळं आणि गिऱ्हाईक असणं वेगळं. गावातल्या प्रत्येक घरी पापड होत असतील, तर गावात पापड कोण विकत घेणार? म्हणून एक कागद घ्या आणि तुमची वस्तू विकत घेतील अशा दहा घरांची किंवा दुकानांची नावं लिहा. "शहरातले लोक" असं लिहायचं नाही, नावंच लिहायची. दहा नावं झाली नाहीत, तर ते पील अजून कोवळं आहे असं समजा.

हिशेब : आपली मजुरी धरल्याशिवाय नफा म्हणायचं नाही

आता पाटी-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे दर घालून हाच हिशेब तुम्ही करायचा आहे.

समजा मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे आणि वर्षात १५० दिवस काम मिळतं. वर्षाचे झाले ४५,००० रुपये. बाराने भागले तर महिन्याला ३,७५० रुपये.

आता पापड. समजा महिन्याला ४० किलो पापड केले आणि ३०० रुपये किलोनं दुकानदाराला दिले. हातात आले १२,००० रुपये. इथेच फसगत होते. आपण म्हणतो, "मी महिन्याला बारा हजार कमावते." थांबा, आता खर्च मांडू.

उडदाचं पीठ ३४ किलो, १५० रुपयांनी : ५,१०० रुपये.
मिरी, हिंग, पापडखार, तेल : १,००० रुपये.
पिशव्या आणि लेबल : ४०० रुपये.
गाडीभाडं : ६०० रुपये.
दळण आणि वीज : ३०० रुपये.
तुटलेले, परत आलेले पापड : ५०० रुपये.

एकूण खर्च ७,९०० रुपये. उरले ४,१०० रुपये.

अजून हिशेब संपला नाही. दिवसाला ३ किलो पापड होत असतील, तर ४० किलोला १४ दिवस लागले. माल पोचवायला आणि पैसे मागायला ४ दिवस धरा. एकूण १८ दिवस. ४,१०० भागिले १८, म्हणजे दिवसाला साधारण २२८ रुपये. मजुरीपेक्षा ७२ रुपयांनी कमी! शिवाय पावसाचे चार महिने पापड वाळणार नाहीत. आठ महिन्यांचे होतात ३२,८०० रुपये, मजुरीच्या ४५,००० पेक्षा कमीच.

मग पापड करूच नये का? तसं नाही. हा हिशेब दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, या दरानं मजुरी सोडली तर तोटा आहे. पण मजुरी नसते त्या दिवसांत पापड केले, तर मिळालेला प्रत्येक रुपया वरचा आहे. कापसाची वेचणी संपली की उन्हाळ्याचं वाळवण सुरू होतं, दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत.

दुसरी गोष्ट, फरक कष्टात नसून दरात आहे. हेच ४० किलो पापड दुकानदाराऐवजी थेट घरोघरी ३५० रुपयांनी गेले, तर १४,००० रुपये येतात. तोच खर्च वजा करून ६,१०० रुपये उरतात. दिवसाला साधारण ३३९ रुपये पडले. आता पापड मजुरीच्या पुढे गेला. म्हणजे आधी थेट गिऱ्हाईक जोडायचं, मग मजुरीचे दिवस कमी करायचे. उलट केलं तर घर अडचणीत येतं.

शिवणकाम असो, शेळी असो, चहाचं दुकान असो, हिशेबाची रीत हीच. शेळीच्या हिशेबात चाऱ्याला जाणारे तास आणि मेलेलं करडू धरा. शिवणकामाच्या हिशेबात उधारी धरा, कारण ब्लाउजचे पैसे सणानंतर येतात.

पहिली पावसाळी : लिज्जतच्या बायकांचं काय झालं?

लिज्जत पापडाचं नाव सगळ्यांनी ऐकलं आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी सुरुवात केली. ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानानं सांगतो, पण पुढचा भाग सांगायचं राहून जातं. त्या वर्षी पावसाळा आला आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसातही काम चालू राहिलं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. प्रत्येक कामाला त्याचा पावसाळा असतो, तो पहिल्या वर्षीच येतो, आणि त्या दिवसांत घर कशावर चालणार हे आधी ठरलेलं पाहिजे. दुसरं म्हणजे, त्यांनी अडचणीवर लाखाचं यंत्र आणलं नाही. अडचण जेवढी होती तेवढाच खर्च केला.

म्हणून आमचं सांगणं आहे की नव्या कामाला निदान एक पूर्ण वर्ष जोडधंदा म्हणूनच ठेवा. आपल्याकडे वर्षाचे टप्पे ठरलेले आहेत. आखाजीच्या आधी पापड-कुरडया खपतात, कारण लेकी माहेरी येतात. श्रावणात कानबाई येते, मग दिवाळी. त्यात धुळ्याची एकवीरादेवीची यात्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, मुक्ताईनगरची मुक्ताईची यात्रा. एकेका ठिकाणी थोडा माल नेऊन बघा. काय खपलं, काय परत आलं, लोकांनी काय विचारलं, हे वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या.

२५ ऑगस्ट २०२४ रोजी जळगावला लखपती दीदींचा मोठा मेळावा झाला, पंतप्रधान आले होते. तुमच्यातल्या पुष्कळ जणी गेल्या असतील. वर्षाचं घरचं उत्पन्न एक लाख झालं की लखपती दीदी, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या व्याख्येत अजून एक अट आहे. ते उत्पन्न निदान चार हंगाम किंवा धंद्याचे चार फेरे टिकलं पाहिजे. सरकारसुद्धा एका चांगल्या महिन्यावर विश्वास ठेवत नाही. आपणही ठेवू नये. एक दिवाळी चांगली गेली म्हणून मजुरी सोडायची नाही.

घरात हे बोलायचं कसं?

काम बदलतं तेव्हा घरातली सगळी घडी बदलते. शेतावर जाणारी बाई सकाळी जाते आणि संध्याकाळी येते, ते घराला सवयीचं असतं. घरी बसून पापड करणारी बाई मात्र "घरीच तर आहे" असं म्हणून सगळ्यांच्या हाकेला सापडते. चहा कर, पाहुण्यांचं बघ, म्हशीला पाणी दाखव. मग दिवसाला तीन किलोचे दीड किलो होतात आणि हिशेब कोसळतो.

म्हणून घरधन्याला आणि सासूबाईंना एकत्र बसवून चार गोष्टी आधी ठरवा. कामाचे तास कोणते? त्या तासांत चूल आणि लेकरं कोण बघणार? बाजारात माल घेऊन कोण जाणार? आणि येणारा पैसा कोणाच्या खात्यात जाणार? चौथा प्रश्न विचारायला जड जातो, पण तो टाळू नका. खातं तुमच्या नावाचं असू द्या आणि धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळू देऊ नका. पुढच्या महिन्याच्या उडदाचे पैसे लग्नाच्या आहेरात गेले, की धंदा तिथेच थांबतो.

सासूबाईंना विरोधात धरू नका. बिबडीचं पीठ किती आंबवायचं, पापडाच्या पिठाला किती खार घालायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. "तुमच्या हातची चव विकायची आहे, तुम्ही सांगाल तसं करू," असं म्हटलं तर त्या तुमच्या बाजूनं उभ्या राहू शकतात.

आणि एक गोष्ट आम्ही स्पष्टच सांगणार. आईचा धंदा लेकीच्या शाळेवर उभा करायचा नाही. काम वाढलं की पहिल्यांदा हाक मारली जाते ती मुलीला. "आज शाळेत जाऊ नको, ऑर्डर आहे." एक दिवसाचे दहा दिवस होतात आणि दहावीच्या आत शाळा सुटते. आपण काम बदलतो ते तिला आपल्यासारखं वाकावं लागू नये म्हणून. तिचे तास हिशेबात धरायचेच नाहीत. तिच्याशिवाय काम निघत नसेल, तर ते काम आपल्याला परवडत नाही.

पैसा कुठून आणायचा आणि कुठून नाही

क्रम लक्षात ठेवा. पहिला पैसा स्वतःच्या बचतीचा. दुसरा गटाच्या अंतर्गत कर्जाचा, कारण त्याचं व्याज आपल्याच गटात राहतं. तिसरा बँकेचा. आठवड्याला हप्ता मागणाऱ्या खासगी कंपनीचा पैसा नव्या धंद्यात घालू नका. नवा धंदा दर आठवड्याला पैसा देत नाही, हप्ता मात्र दर आठवड्याला येतो. आणि तिथे एकीचा हप्ता चुकला तर शेजारणींनी भरायचा असतो, त्यातून बोलणं तुटतं.

बँकेकडे जाताना मुद्रा योजनेची माहिती घ्या. तिच्या शिशु प्रकारात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. खाण्याचे पदार्थ करणाऱ्यांसाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे, तिच्यात ३५ टक्के अनुदान आहे. पण ते अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. आधी कर्ज मंजूर व्हावं लागतं आणि अनुदान कर्जाच्या खात्यात वळतं, आपल्या हातात रोख पडत नाही. योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी कृषी विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. अनुदान आहे म्हणून धंदा धरू नका. धंदा हिशेबात बसत असेल, तर अनुदान घ्या.

कागदपत्रांना घाबरू नका. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. उद्यम नोंदणी तर फुकट आहे. फुकटच्या नोंदणीसाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल, तर देऊ नका. गटातल्या शिकलेल्या मुलीला बरोबर घ्या.

शिकायचं कुठे?

यंत्र घेण्याआधी शिका, शिकण्याआधी बघा. ज्या कामाचा विचार आहे, ते करणाऱ्या बाईकडे दोन दिवस जाऊन बसा, पण आपल्या गावातल्या नको, दुसऱ्या तालुक्यातल्या बघा, म्हणजे ती मोकळेपणानं सांगेल. तिला नफा विचारू नका, अडचणी विचारा.

दोन्ही जिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. त्या बँका चालवतात. प्रशिक्षण, राहणं, जेवण याचे पैसे लागत नाहीत आणि नंतरही त्या पाठपुरावा करतात. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्यालाही आहे. प्रक्रिया उद्योग, शेळीपालन, रोपवाटिका यांची माहिती तिथे मिळते. उमेद अभियानाच्या ग्रामसंघात आणि प्रभागसंघात विचारा. कृषी सखी, पशु सखी, बँक सखी या कामांसाठी गटातल्याच बायकांना घेतात. माविमच्या गटांनी आपल्या लोकसंचालित साधन केंद्रात विचारावं. आपला अर्ज ग्रामसंघातून जात असेल, तर तो पुढे गेला का, हे दर बैठकीत विचारायचा आपल्याला हक्क आहे.

एकटीनं की मिळून?

काही बदल एकटीला झेपत नाहीत. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याची गोष्ट त्यासाठी ऐका. एके काळी तिथलं जंगल उजाड झालं होतं. लाकूडतोड आणि मोहाची दारू यांवर लोकांची गुजराण होती, बायका पाण्यासाठी लांब जात होत्या. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं गावानं झाडतोडीवर बंदी घातली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला आणि सुमारे ११०० एकर जंगल राखलं. हळूहळू पाणी टिकायला लागलं, शेती सुधारली. आता दरवर्षी तिथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते आणि बायका आपलं ज्ञान मानानं मांडतात. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

एकट्या घरानं लाकूडतोड सोडली असती, तर ते घर उपाशी राहिलं असतं आणि जंगल शेजाऱ्यानं तोडलं असतं. सगळ्यांनी मिळून सोडली म्हणून जमलं. आपल्यालाही हे लागू आहे. उडीद दहा जणींनी मिळून घेतला तर दर कमी पडतो. पिठाचं यंत्र गटाचं असलं तर कर्ज एकीच्या डोक्यावर राहत नाही. पण मिळून करायचं तर नियम आधी लिहा. कोणी किती दिवस यायचं, मालाची प्रत कोण तपासणार, नफा तासांवर वाटायचा की सारखा. वाटणीचा नियम पैसा येण्याआधी करायचा असतो. पैसा आल्यावर भांडण होतं.

फरदड ठेवू नका

आता शेवटचा मुद्दा. जुनं काम सोडायचं कधी? कापसाची फरदड घेऊ नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. चार बोंडांच्या लोभानं जुनी पऱ्हाटी उभी ठेवली, की तिच्यावर गुलाबी बोंडअळी जगते आणि पुढच्या हंगामाचा कापूस खाते. कामाचंही तसंच आहे. नवं काम पुरेसं वाढल्यावरही भीतीनं जुन्याला चिकटून राहिलो, तर दोन्हीकडे नुकसान होतं. ऑर्डर आली आणि आपण शेतात, अशी वेळ तीन-चारदा आली की गिऱ्हाईक तुटतं.

ओळखायचं कसं, ते सांगतो. तीन खुणा आहेत. आपली मजुरी धरून नव्या कामाचा दिवसाचा दर मजुरीपेक्षा जास्त आहे. तो दर वर्षाच्या चारही टप्प्यांत टिकला आहे. आणि तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आहे. तिन्ही खुणा दिसल्या की जुन्या कामाचे दिवस कमी करायला लागा. पहिल्या वर्षी निम्मे, पुढच्या वर्षी उरलेले. शेतमालकाला आधी सांगून सोडा, भांडून सोडू नका. त्यांच्याच घरी उद्या आपले पापड जायचे आहेत.

आणि नवं काम बंद कधी करायचं, हेही आजच ठरवा. "इतके रुपये बुडाले की थांबायचं" असा आकडा सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मनात असलेला आकडा वाढत जातो, लिहिलेला वाढत नाही. तिथे थांबलात, तर ती हार नाही. हातची मजुरी सोडलेली नव्हती, कर्ज डोक्यावर नाही, आणि बाजार कसा असतो ते कळलं. पुढचं पील निवडताना ते कामाला येईल.

काही बहिणींना हा सगळा वेळ मिळत नाही, तेही आम्हाला ठाऊक आहे. घरधनी गेला, अपघात झाला, एका रात्रीत सगळं बदललं. अशा बहिणीला "वर्षभर थांब" म्हणणं सोपं नसतं. तिनं पहिले सहा महिने काही नवं सुरू करू नये, असंच आम्ही म्हणू. जे काम ठाऊक आहे तेच करावं. दुःखाच्या दिवसांत आलेला मदतीचा पैसा कोणाच्या सांगण्यावरून धंद्यात घालू नये. आणि गटानं या सहा महिन्यांत तिचा हप्ता सांभाळावा. गट असतो तो अशाच दिवसांसाठी.

पुढच्या बैठकीत काय करायचं?

प्रत्येकीनं एक चिठ्ठी आणायची. तिच्यावर तीन गोष्टी लिहायच्या. गेल्या वर्षी आपल्याला मजुरीचे किती दिवस मिळाले, किती दिवस रिकामे गेले, आणि त्या रिकाम्या दिवसांत कुठलं एक काम करता येईल. एकच काम लिहायचं, दोन नाही. मग दोघी-दोघींनी बसून एकमेकींच्या कामाचा हिशेब आपण पापडाचा मांडला तसा मांडायचा. स्वतःचा हिशेब मांडताना आपण खर्च विसरतो, शेजारीण विसरत नाही.

ज्या गटात हे होईल, त्यांनी आपला हिशेब आमच्याकडे पाठवावा. पापड असो, शेळ्या असोत, शिवणकाम असो, तोट्याचा निघाला तरी पाठवा. नाव न घेता तो आपण इथे वाचू, म्हणजे दुसऱ्या गावच्या बहिणीचे पैसे वाचतील.

रामराम.